हरणाऱ्यालाही नाव असावं

"कुस्तीला आता पब्लिक राहिलं नाही" हे वाक्य आमच्या बिडकीनला चहाच्या टपरीवर महिन्यातून एकदा तरी कानावर पडतं. म्हणणारा बहुतेक साठीच्या पुढचा असतो. पाऊस पूर्वीसारखा पडत नाही, ज्वारीच्या भाकरीला पूर्वीची चव राहिली नाही, त्याच सुरात तो हेही म्हणतो. बाकीचे माना डोलावतात, चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर थोडी झटापट होते (ती मात्र अजून अस्सल असते!) आणि विषय संपतो.

मला हे वाक्य पटत नाही. आणि आता ते मोठ्याने सांगायची वेळ आली आहे, कारण आमच्या मूळ गावच्या जत्रा कमिटीने याच वाक्याच्या आधारावर एक ठराव पुढे आणलाय. जत्रेतल्या कुस्त्या बंद करायच्या आणि ती वर्गणी डीजे आणि ऑर्केस्ट्राकडे वळवायची. गावाचं नाव मी लिहीत नाही. नातेवाईक मंडळींना कळेलच, आणि बाकीच्यांनी कुठलंही गाव समजावं, फारसा फरक पडणार नाही. ठरावावर अजून शिक्कामोर्तब झालेलं नाही, पुढच्या बैठकीत होईल. त्याआधी मला काय वाटतं ते एकदा नीट मांडून ठेवतो.

सुरुवात मात्र जपानपासून करणार आहे. हसू नका. बिडकीनचा आणि जपानचा संबंध आता अगदीच दूरचा राहिलेला नाही. इथल्या हजारो एकर जमिनी औद्योगिक वसाहतीत गेल्या आणि २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यासाठी सरकारशी करार केला, तेव्हापासून आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी जपान आहे. आमच्या घरात तर ते त्याच्याही आधी आलं. माझा भाचा वाळूजला कंपनीत आहे, आमच्याकडेच राहतो. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता तो मोबाइलवर जपानी कुस्त्या बघतो. हो, डब्ल्यूडब्ल्यूई नाही, जपानी! ओकाडा, तानाहाशी, नाइतो ही नावं त्याच्या तोंडात आमच्या लहानपणी अंडरटेकर असायचा तशी असतात. (अंडरटेकर सात वेळा मरून परत आलाय, हे आमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला पक्कं माहीत होतं. पुरावा कुणी मागितला नाही.)

आमच्या आप्पांना, म्हणजे वडिलांना, हे अजिबात खपत नाही. आप्पा जुन्या तालमीतले. महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ साली झाली ती आपल्या औरंगाबादलाच. दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. तेव्हा आप्पा शाळेत होते आणि थोरल्या भावाच्या सायकलवर डबलसीट बसून बघायला गेले होते. हे आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की त्या सायकलची घंटी वाजत नव्हती हेसुद्धा मला पाठ आहे. आप्पांचं म्हणणं एका शब्दाचं आहे : "तमाशा." निकाल आधीच ठरलेला असतो, मग बघायचं काय?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर शोधायला गेलं की कुस्तीचा प्रेक्षक का येतो आणि का जातो, हेच हाती लागतं. म्हणून थोडी जपानी गोष्ट सांगतो. बरीचशी भाच्याकडून ऐकलेली, आणि ऐकून मग मी शोधून वाचलेली.

जपानमध्ये या व्यावसायिक कुस्तीची लाट आली १९५४ साली. युद्ध हरून नऊ वर्षं झाली होती. टीव्हीचं प्रसारण वर्षभरापूर्वीच सुरू झालेलं, घरात संच घेणं कुणाला परवडत नव्हतं, म्हणून रेल्वे स्टेशनांबाहेर आणि चौकांत संच उभे केले होते. त्यावर रिकिदोझान नावाचा माजी सुमो पैलवान धिप्पाड कॅनेडियन शार्प बंधूंना हाताच्या कडेने तडाखे मारताना दिसला आणि रस्त्यावर हजारोंची गर्दी जमली. हरलेल्या देशाला जिंकणारा माणूस मिळाला. गंमत अशी की हा जपानी अभिमानाचा पुतळा मुळात कोरियात जन्मलेला होता, आणि ती गोष्ट त्याच्या हयातीत सामान्य प्रेक्षकांपासून लपवून ठेवली होती. १९६३ मध्ये त्याची डिस्ट्रॉयर नावाच्या मुखवटेवाल्याशी झालेली लढत टीव्ही असलेल्या ६४ टक्के घरांत पाहिली गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एका नाइटक्लबमधल्या भांडणात त्याला चाकू लागला आणि आठवडाभरात तो गेला.

याच रिकिदोझानने १९५५ मध्ये किंगकाँगला हरवून आशियाई किताब घेतला होता. आता हा किंगकाँग कोण? आप्पांच्या पिढीला विचारा! दारासिंग आणि किंगकाँग ही जोडी त्या काळी मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर खच्चून गर्दी खेचायची. मे १९६८ मध्ये दारासिंगनी मुंबईतच अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. ती मंडळी त्याच धंद्यातली, म्हणजे व्यावसायिक फ्रीस्टाइलवाली. तिथेही निकाल पंचांच्या शिट्टीवर कमी आणि संयोजकांच्या गणितावर जास्त ठरायचे, हे आता काही गुपित राहिलेलं नाही. पण दारासिंगचं नाव काढलं की आप्पांचे डोळे चमकतात. तिथे 'तमाशा' हा शब्द त्यांना आठवत नाही.

म्हणजे निकाल ठरलेला असणं हे प्रेक्षक जाण्याचं कारण नाही. उलटंही खरं आहे. २६ जून १९७६ रोजी टोकियोत रिकिदोझानचा चेला अँटोनिओ इनोकी आणि बॉक्सर महंमद अली समोरासमोर आले. सगळ्या जगाचं लक्ष होतं. लढत खरीखुरी झाली, आधी काही ठरलेलं नव्हतं असंच बहुतेक जाणकार सांगतात, आणि म्हणूनच ती रटाळ झाली. पंधरा फेऱ्या इनोकी बहुतांश वेळ जमिनीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. लढत बरोबरीत सुटली आणि प्रेक्षक चिडले. आपल्याकडे मोठी कुस्ती तासभर नुसती खडाखडी होऊन बरोबरीत सोडली की मैदानात जो गलका होतो तो ज्यांनी ऐकलाय त्यांना टोकियोत काय झालं असेल ते सांगायला नको.

त्याच इनोकीने नंतर आपलीच कंपनी खड्ड्यात घातली. १९७२ मध्ये त्याने न्यू जपान प्रो-रेसलिंग काढली होती आणि त्याचाच गुरुबंधू जायंट बाबा याने ऑल जपान. ऐंशीच्या दशकात शुक्रवारी रात्री आठ वाजता न्यू जपानच्या कुस्त्या लागायच्या. आपल्याकडे रविवारी सकाळी रामायणाला जे व्हायचं तसंच काहीसं. या काळातला इनोकीचा एक मोठा वैरी कोण होता माहीत आहे? टायगर जीतसिंग, आपला पंजाबी माणूस, कॅनडात स्थायिक झालेला. डोक्याला फेटा, हातात तलवार. १९७३ मध्ये त्याने टोकियोत एका मोठ्या दुकानाबाहेर भररस्त्यात इनोकीवर हल्ला केला आणि जपानभर खळबळ उडाली. तो हल्ला ठरवून केला होता की काय, यावर लोक अजून वाद घालतात.

नव्वदच्या दशकात तिथे खऱ्याखुऱ्या मारामारीचे सामने आले, के-वन आणि प्राइड. लोक तिकडे वळू लागले. इनोकीला वाटलं, आपलेही पैलवान तिथे उतरवून दाखवू, म्हणजे आपण खोटे नाही हे सिद्ध होईल. ३१ डिसेंबर २००१ ला त्याने युजी नागाता नावाचा चांगला कसलेला पैलवान मिर्को क्रो कॉपसमोर उभा केला. नागाता २१ सेकंदांत संपला. दोन वर्षांनी त्यालाच फेडोरसमोर उभं केलं, तिथे एक मिनिट आणि वर दोन सेकंद. ज्या पैलवानावर लोकांनी वर्षानुवर्षं जीव लावला तो असा आडवा झालेला बघून त्यांचं मन उडालं. हॉल रिकामे पडू लागले. २००५ मध्ये इनोकीने आपले शेअर विकले.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. न्यू जपानचा प्रेक्षक कुस्ती खोटी आहे म्हणून गेला नव्हता, ते त्याला आधीपासून माहीत होतं. ज्यांनी ती चालवायची त्यांनाच तिची लाज वाटू लागली, तेव्हा तो गेला.

आणि परत कसा आला? तानाहाशीने आणला. २००६ पासून तो न्यू जपानचा मुख्य पैलवान. लांब केस, जरा नटवा, जुन्या प्रेक्षकांना सुरुवातीला न आवडलेला. हा माणूस जिथे जिथे कुस्ती असेल त्या छोट्या छोट्या गावांत आधी जायचा. तिथल्या रेडिओवर बोलायचा, स्थानिक पेपरवाल्यांना भेटायचा, बायका आणि पोरं यांच्याशी मायेने बोलायचा. पाचसहाशे लोकांच्या हॉलमध्येही मोठ्या मैदानाएवढीच मेहनत घ्यायचा. २०१२ मध्ये बुशिरोड नावाच्या पत्त्यांचे खेळ बनवणाऱ्या कंपनीने न्यू जपान विकत घेतली, रेल्वेत पैलवानांची पोस्टर लागली, त्याच वर्षी चोवीस वर्षांच्या ओकाडाने तानाहाशीला हरवलं, आणि पुढची काही वर्षं या दोघांच्या लढतींनी लोक परत आणले. त्यात बायकांची संख्या एवढी वाढली की कुस्ती बघणाऱ्या मुलींसाठी तिथे वेगळा शब्दच तयार झाला. खरं तर बायका पूर्वीही होत्या. १९८०च्या दशकात चिगुसा नागायो आणि लायनेस आस्का या दोघींच्या लढतींना शाळकरी मुलींची तुडुंब गर्दी व्हायची. पुढे तोच तानाहाशी २०२३ मध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला. पण ओकाडा २०२४ मध्ये अमेरिकेला गेला, आणि पुन्हा ओहोटीची चर्चा सुरू झाली. चालायचंच. भरती-ओहोटी हे तर समुद्राचंही असतं.

आणि "खोटी, खोटी" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मित्सुहारु मिसावा हा त्यांचा फार मोठा पैलवान. जून २००९ मध्ये हिरोशिमात लढत चालू असताना पाठीवर आपटला आणि उठला नाही. त्याच रात्री गेला. निकाल ठरलेला असेल, पण पाठ स्वतःचीच असते.

मी एकदा भाच्याला विचारलं, "अरे, तुला त्यांची भाषा कळत नाही, निकाल ठरलेला असतो हे तुलाही माहीत आहे, मग बघतोस काय?" तो म्हणाला, "मामा, तिथे हरणाऱ्यालाही नाव असतं."

मी बराच वेळ गप्प बसलो. आमच्या गावच्या जत्रेत शेवटून तिसरी कुस्ती कोणाकोणात झाली आणि कोण हरलं, हे मला मागच्या वर्षीचंही आठवत नव्हतं. आठवायला ते कुणी सांगितलेलंच नव्हतं. कर्ण्यावरून काय ऐकू येतं? "अमुक अमुक यांच्याकडून एकशे एक रुपये... अमुक साहेबांचं आगमन झालेलं आहे, त्यांनी स्टेजवर यावं... अमुक यांच्याकडून पाचशे एक..." त्या गोंधळात हलगी वाजते, दोन पोरं मातीत उतरतात, एक पडतो, दुसऱ्याला लोक खांद्यावर घेतात. पडलेला अंगावरची माती झटकत गर्दीत नाहीसा होतो. तो कुठल्या तालमीचा, त्याचा वस्ताद कोण, तो सहा महिन्यांपूर्वी याच पोराला हरवून आलाय की काय, काहीही कळत नाही.

पूर्वी हे सांगावं लागत नसे, कारण लोकांना माहीत असे. पंचक्रोशीत पाच-सहा तालमी, प्रत्येक गावाचा एखादा पैलवान. त्याच्या म्हशी किती, त्याला खुराक कुणाच्या घरून जातो, हेही ठाऊक असे. एक पैलवान पोसायला रोजचं चार-पाच लिटर दूध, बदाम, तूप लागतं, ते एका घराच्या आवाक्यातलं नसतं. म्हणून तो आपोआप गावाचा व्हायचा. त्याची कुस्ती म्हणजे गावाची कुस्ती. आता म्हशी गेल्या, जमिनी गेल्या, दूध पिशवीतून येतं, आणि जत्रेत येणारे बहुतेक पैलवान लांबून इनामाचा आकडा बघून येतात. त्यांचं काही चुकत नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. पण प्रेक्षकाच्या दृष्टीने ती दोन अनोळखी माणसांची झोंबाझोंबी होते. अनोळखी माणसांसाठी कोण तीन तास उन्हात बसेल?

दुसरी गोष्ट नुरा कुस्तीची. जत्रेच्या मैदानात ती होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. दोघं आधी ठरवून येतात, इनाम वाटून घेतात, पंधरा मिनिटं एकमेकांच्या मानेवर हात टाकून फिरतात आणि सुटतात. मला कुणी विचारेल की मग जपानी कुस्तीत आणि यात फरक काय? फार मोठा फरक आहे. जपानी प्रेक्षकाला माहीत असतं की निकाल ठरलेला आहे, आणि त्याच्या तिकिटाच्या बदल्यात पैलवान जीव तोडून खेळ दाखवतात. तो व्यवहार उघड आहे. नुरा कुस्तीत प्रेक्षकाला खरी म्हणून बसवतात आणि खोटीसुद्धा धड दाखवत नाहीत! तमाशाला तमाशा म्हणून जाणारा माणूस फसत नाही. कुस्तीला म्हणून गेलेला फसतो, आणि दुसऱ्या वर्षी येत नाही.

तिसरी गोष्ट निकालाची. मातीवरच्या जुन्या कुस्तीचा कायदा पोरालाही कळायचा : पाठ लागली, संपलं. धोबीपछाड, ढाक, घिस्सा, कलाजंग, डाव कुठला का असेना, शेवटी आस्मान कुणी बघितलं ते दिसायचं. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, दोन गुण, चार गुण, रेषेबाहेर गेला तर एक. खेळ म्हणून हे योग्यच आहे, ऑलिंपिकला जायचं तर दुसरा मार्ग नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्य मिळवलं तेही मॅटवर. आपल्या मराठवाड्यातला, बीडचा राहुल आवारे २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन आला तोही मॅटवरच. पण हे गुण कसे मोजतात ते प्रेक्षकाला कुणी सांगायला नको का?

सांगितलं नाही की काय होतं ते जानेवारी २०२३ ला दिसलं. पुण्यात महाराष्ट्र केसरीला सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत बाहेरच्या टांगेला चार गुण दिले आणि महाराष्ट्र पेटला. आमच्या इथे मोबाइल दुरुस्तीवाला, भाजीवाली मावशी, बँकेतले कॅशियर, सगळे ती काही सेकंदांची क्लिप थांबवून थांबवून बघत होते आणि खांदा टेकला की नाही यावर भांडत होते. शेवटी गदा शिवराज राक्षेने जिंकली, पण लोकांच्या तोंडी सिकंदर. २०२५ मध्ये अहिल्यानगरला पुन्हा तेच. शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या लढतीच्या निकालावरून वाद झाला, राक्षेने पंचांना लाथ मारली, मग अंतिम लढतही वादात सापडली, आणि राक्षे व गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. त्यात संघटनांचं भांडण वेगळंच. २०२३च्या नोव्हेंबरात धाराशिवला एक महाराष्ट्र केसरी झाला आणि पुण्याजवळ फुलगावला दुसरा! डब्ल्यूडब्ल्यूईत एका वेळी दोन-तीन पट्टे असतात म्हणून आप्पा हसतात. हे झाल्यापासून जरा कमी हसतात.

लाथेचं समर्थन मी करणार नाही. पण मंडळी, ज्या खेळाला पब्लिक राहिलं नाही त्याच्या चार गुणांवरून सगळा महाराष्ट्र आठ-आठ दिवस भांडतो का? २०१८ मध्ये जालन्याला महाराष्ट्र केसरी झाली तेव्हा मी गेलो होतो. बाला रफिक शेख जिंकला त्या संध्याकाळी मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या शेजारी एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती आणि नवऱ्याला डाव समजावून सांगत होती. कोल्हापूरची तर गोष्टच सोडा. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान शंभर वर्षांहून जुनं आहे आणि तिथे आजही चांगली जोड लागली की लोक येतात. 'तुझ्यात जीव रंगला' मधल्या राणादाने तर ज्यांनी कधी तालमीचं दार पाहिलं नाही अशा घरांतही लाल माती नेऊन पोचवली. मार्च २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. ती बातमी माझ्या बायकोने मला वाचून दाखवली. मी तिला कुस्तीची बातमी वाचून दाखवायचो, आजवर उलटं कधी झालं नव्हतं.

म्हणजे प्रेक्षक आहे. तो मोबाइलवर आहे, टीव्हीसमोर आहे, जालन्याला आहे. आपल्या जत्रेत नसेल, तर आपण त्याच्यासाठी काय केलं हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. आमच्या कमिटीला मला एवढंच म्हणायचं आहे.

तरुण पोरांचं म्हणणं, डीजेला गर्दी होते. होते ना, मी कुठे नाही म्हणतो? पण डीजे उद्या शेजारच्या गावातही वाजेल, तीच गाणी, तोच आवाज. त्यासाठी आपल्या गावाला यायचं कारण काय? आणि एकदा मोडलेलं मैदान परत उभं राहत नाही. ती माती दोन पावसाळे तशीच राहिली की तिचं अंगण होतं, मग पार्किंग होतं, मग गाळे होतात. बिडकीनमध्ये राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायची गरज नाही. इथे जमिनीचं काय काय होतं ते आम्ही रोज बघतो.

मग करायचं काय? माझ्या मते फार खर्चाचं काही नाही. एका मोठ्या कुस्तीवर सगळं इनाम उधळण्यापेक्षा त्यातला अर्धा पैसा पंचक्रोशीतल्या पोरांच्या जोडींवर लावावा. रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते, तिथेच प्रेक्षक तयार होतो, कारण प्रत्येक पोरामागे आई, बाप, आजी आणि दोन मामा असतात. जोडी आठ दिवस आधी जाहीर कराव्यात : कोण, कुठला, वस्ताद कोण, मागे कोणाशी काय झालं. आजकाल व्हॉट्सअ‍ॅपवर वाढदिवसाचे बॅनर फिरतात, त्यात दोन पैलवानांचे फिरले तर काय बिघडलं? कर्णा देणगीदारांकडून काढून कुस्ती कळणाऱ्या माणसाच्या हातात द्यावा. देणगीदारांची नावं बोर्डावर लिहा, मोठ्या अक्षरांत लिहा, पण कुस्ती चालू असताना पैलवानाचंच नाव ऐकू येऊ दे. वेळ आधी सांगावी, वेळेत चीतपट झाली नाही तर गुणांवर निकाल द्यावा, आणि कशाचे किती गुण ते बोलून दाखवावं. नुरा वाटली तर दोघांनाही नारळ द्यावा, इनाम नाही. आणि मुलींच्या दोन कुस्त्या तरी लावाव्यात. यावर बैठकीत कुजबूज होईल हे मला माहीत आहे, पण कुजबुजणाऱ्यांच्या घरच्या बायका सगळ्यात पुढे येऊन बसतील हेही माहीत आहे.

आणि आप्पांच्या पिढीला एक विनंती. पोरगं जपानी कुस्ती बघतं म्हणून त्याला हसू नका. त्याला मल्लविद्येचं वेड आहे, फक्त ते वेड त्याने जिथे मिळालं तिथून घेतलं. तुम्हाला किंगकाँग मिळाला होता, आम्हाला अंडरटेकर, त्याला ओकाडा. हाच पोरगा उद्या मैदानाच्या कडेला येऊन बसेल, पण त्याला समोरच्या दोघांची नावं सांगा. दोघांचीही.

परवा भाच्याने आप्पांना तानाहाशीची एक लढत दाखवली. आप्पा शेवटपर्यंत बसले. मत बदललं असं मी म्हणणार नाही, उठताना "तमाशा" म्हणालेच. फक्त त्याआधी मध्येच एकदा, "अरे, पाय काढ ना पाय!" असं ओरडले होते.

असो. बैठक पुढच्या रविवारी आहे. गावाकडच्या मंडळींनी जमल्यास यावं, आणि ठरावाच्या बाजूचे असाल तरी यावं. तिथे निकाल आधी ठरलेला नसावा एवढीच इच्छा. बाकीच्यांनी आपापल्या गावच्या मैदानाचं काय झालं ते जरूर कळवा. चालू असेल तर कसं चालू ठेवलंत तेही लिहा, बैठकीत वाचून दाखवीन.